तबकडीबरोबरचा कागद फेकू नका
(व्याख्यानाचे शब्दांकन. श्रोत्यांचे दोन प्रश्न व त्यांची उत्तरे शेवटी दिली आहेत.)

मघाशी माझी ओळख ‘रेकॉर्ड्सचे संग्राहक’ अशी करून दिली गेली. ते ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर पितळी कर्णा आणि बालगंधर्वांची तबकडी आली असेल, तर आधीच माफी मागतो. माझ्याकडच्या बहुतेक तबकड्या सात इंचांच्या आहेत. त्यांच्यावरची गाणी दोन मिनिटांत संपतात. माझ्या आईनं त्यातली एक ऐकून आतल्या खोलीतून विचारलं होतं, “मिक्सर चालू राहिलाय का रे?”

तर हे पंक संगीत. १९७०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये ते आकाराला आलं. वेगवान, छोटं, मोजक्या सुरांवर चालणारं. त्यामागचा विचार साधा होता. वाद्यावर हुकमत नसली तरी चालेल, सांगण्यासारखं काही असेल तर उभं राहा आणि वाजवा. त्यामुळे मोठी सभागृहं मिळेनात. चर्चचा हॉल, कुणाच्या घराचं तळघर, एखाद्या बारची मागची खोली अशा ठिकाणी कार्यक्रम व्हायचे, पन्नास-साठ लोकांसमोर. आणि दाराजवळ एक टेबल असायचं, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात बँडची स्वतःची रेकॉर्ड. मी नोकरीनिमित्त वॉशिंग्टनजवळ बरीच वर्षं होतो. माझा संग्रह तिथल्या अशाच टेबलांवरून आलेला आहे.

तुम्ही विचाराल, साठ श्रोते असलेल्या बँडची रेकॉर्ड निघतेच कशी?

पाचशे पौंड आणि चार गाणी

त्यासाठी आपल्याला आधी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरला जायला हवं. डिसेंबर १९७६मध्ये बझकॉक्स नावाच्या बँडनं मित्रांकडून आणि घरच्यांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, काही तासांत चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही सात इंची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या खेपेला १००० प्रती. वेष्टनावर त्यांनी एक गंमत केली. कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात नीट आलं, ते छापून टाकलं. म्हणजे यात जादू काही नाही, हे असं होतं, बघा. पुढच्याच वर्षी लंडनच्या स्क्रिट्टी पोलिट्टी या बँडनं तर पहिल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर हिशेबच मांडला. स्टुडिओला इतके, छपाईला इतके. वाचणाऱ्यानं घरी जाऊन आपली रेकॉर्ड काढावी, म्हणून.

आता वॉशिंग्टन. १९८०मध्ये ‘द टीन आयडल्स’ या शाळकरी वयाच्या पोरांच्या बँडनं फुटायचं ठरवलं. कार्यक्रमांचे पैसे त्यांनी वाटून न घेता साठवले होते, सुमारे ६०० डॉलर. तेही न वाटता त्यांची रेकॉर्ड काढायची ठरली. त्यासाठी इयान मकाय आणि जेफ नेल्सन यांनी ‘डिस्कॉर्ड’ ही कंपनी सुरू केली. आठ गाणी, १००० प्रती. वेष्टन करायला पैसे उरले नव्हते. मग त्यांनी एका जुन्या रेकॉर्डचं वेष्टन सोडवलं, त्याची आकृती कागदावर गिरवली आणि छापून आल्यावर ती सगळी वेष्टनं मित्रमंडळींनी हातानं कापून, दुमडून, चिकटवली. डिस्कॉर्ड आजही चालू आहे.

हे मुद्दाम सांगतोय. अशा रेकॉर्डमध्ये कागद ही दुय्यम गोष्ट नसते. कारखान्यात तयार होते ती काळी तबकडी. बँडच्या हातचं जे असतं, ते कागदावर असतं.

साच्याचं गणित

तबकडी बनते कशी? आधी लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर आवाजाची खाच कोरतात. तिच्यावर निकेलचा थर चढवून धातूचा साचा काढतात. मग गरम, मऊ झालेला व्हिनाइलचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबला की दोन्ही बाजूंची तबकडी तयार. मेख अशी, की कोरण्याचा आणि साच्याचा खर्च एक प्रत काढा नाहीतर हजार, तेवढाच येतो. प्रती कमी तर प्रत महाग. म्हणून छोटे बँड साधारण तीनशे, पाचशे अशा आकड्यांवर यायचे. एवढ्या प्रती दुकानातून विकायच्या तर मधल्यांचा वाटा जातो. टेबलावर विकली की पैसे थेट हातात येतात, आणि त्यात त्या रात्रीच्या परतीचं पेट्रोल निघतं.

आणि किंमत? काही बँड वेष्टनावरच छापायचे की याहून जास्त देऊ नका. इंग्लंडच्या क्रास या बँडची ती सवयच होती. आज त्याच रेकॉर्ड्स कितीतरी पट किमतीला विकल्या जातात, आणि ती ओळ तशीच वेष्टनावर असते.

काय बघायचं

रेकॉर्ड हातात घेतली की शेवटचं गाणं संपतं तिथून लेबलपर्यंतची गुळगुळीत पट्टी उजेडात तिरकी धरून बघा. तिथे क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून ही प्रत कोणत्या साच्यातली, पहिल्या खेपेची की नंतरची, याचा अंदाज येतो. कधीकधी हातानं खरवडलेला एखादा खोडकर संदेशही सापडतो. वेष्टनावरचा फोटो धूसर असेल, अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतील, तर सावध व्हा. छापलेल्या वेष्टनाचाच पुन्हा फोटो काढून केलेली ती नक्कल असू शकते.

पण या खुणा कुठलाही जाणकार सांगेल. मला सांगायची आहे ती माझी चूक.

माझी चूक

१९९६ साली एका चर्चच्या हॉलमध्ये तीन मुलांच्या एका बँडची रेकॉर्ड मी तीन डॉलरला घेतली. तीनशे प्रतींपैकी एक. आत घडी घातलेला झेरॉक्सचा कागद होता. त्यावर गाण्यांचे शब्द आणि तळाशी कोण काय वाजवतं ते. कागदावर कॉफी सांडलेली होती. घरी येऊन मी तबकडी स्वच्छ पुसली, नव्या वेष्टनात घातली आणि तो घाणेरडा कागद टाकून दिला. मला वाटलं, आपण फार व्यवस्थित काम केलं.

पुण्याला परत आल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मला एका बाईंचं पत्र आलं. संग्राहकांच्या एका यादीत माझ्या नावापुढे ही रेकॉर्ड नोंदवलेली त्यांनी पाहिली होती. त्या बँडमध्ये ड्रम्स वाजवणारा त्यांचा भाऊ होता. तो आता नव्हता. घरात एकही प्रत उरली नव्हती. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. गाणी ऐकायला मिळतील का? आणि त्याचं नाव जिथे छापलंय, तिथला फोटो पाठवाल का?

गाणी मी त्याच रात्री पाठवली. नाव पाठवता आलं नाही. तबकडीच्या लेबलवर बँडचं आणि गाण्यांचं नाव, बाकी काही नाही. तीन मुलांची नावं फक्त त्या कागदावर होती, आणि तो मी पंचवीस पैशांच्या रद्दीसारखा फेकला होता. मी त्यांना खरं ते कळवलं. त्यांनी उलट आभार मानले. लिहिलं, की दुसऱ्या गाण्याआधी एक-दोन-तीन-चार म्हणणारा आवाज त्याचाच आहे.

आवाज राहिला, नाव गेलं. तेव्हापासून मी काहीही फेकत नाही. प्रत्येक रेकॉर्डसोबत एक चिठ्ठी ठेवतो, पेन्सिलीनं लिहिलेली. तारीख, जागा, त्या दिवशी आणखी कोण वाजवलं, किती पैसे दिले, टेबलावर कोण बसलं होतं. लेबलवर किंवा वेष्टनावर लिहीत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते त्याच रात्री करायचं. आठवड्यानं आठवत नाही.

वॉशिंग्टनच्या सार्वजनिक वाचनालयानं २०१४मध्ये शहरातल्या पंक संगीताचा स्वतंत्र संग्रह सुरू केला. तिथे रेकॉर्ड्सच्या बरोबरीनं कार्यक्रमांचे फ्लायर आणि झेरॉक्सची नियतकालिकंही जपतात. वाचनालयाला जे कळलं, ते मला १९९६मध्ये कळायला हवं होतं. तीनशे प्रती काढणाऱ्या बँडचा इतिहास दुसरं कुणी लिहून ठेवत नाही. टेबलावरून रेकॉर्ड घेणारा माणूस हाच त्याचा दप्तरदार.

श्रोत्यांचे प्रश्न

*पावसाळ्यात रेकॉर्ड्स कशा सांभाळता?*

उभ्या ठेवतो, आडव्या थप्पीत नाही. भिंतीला टेकलेलं कपाट नको, ओल येते. आपल्याकडे तबकडीपेक्षा कागदाला धोका जास्त, बुरशी आधी वेष्टनाला लागते. म्हणून पावसाळा संपला की सगळं बाहेर काढून वारा देतो, उन्हात मात्र नाही. तबकडी वाकते. बाहेरचं कव्हर मऊ पीव्हीसीचं घेऊ नका, त्यानं तबकडीवर कायमचा धुरकट डाग पडू शकतो. पॉलिप्रॉपिलिनचं घ्या.

*आपल्याकडच्या छोट्या बँडनी रेकॉर्ड्स क्वचितच काढल्या. मग इथल्या माणसानं काय जमवायचं?*

त्यांनी कॅसेट काढली असेल तर कॅसेट, सीडी असेल तर सीडी. काहीच नसेल तर कार्यक्रमाचं पत्रक. नियम तोच. घरी आलात की पेन्सिल घ्या आणि आधी वाजवणाऱ्यांची नावं लिहा.