परमुलखातून घेतलेली जुनी मोटार घरी आणताना



ऊस विकास विभागाकडून या पानावर एरवी बेणे, खत, खोडव्याची निगा असे विषय येतात. या खेपेस विषय मोटारगाडीचा आहे. कारण असे, की आसगावच्या फेरीत एका सभासदाच्या ओसरीवर बसलो असता त्यांनी मोबाइलवर दिल्लीकडची एक जुनी गाडी दाखविली. "साहेब, नागपूरपेक्षा लाखभर स्वस्त पडते. उसाचं बिल जमा झालं की मागवून घेतो." मी म्हटले, "भाऊ, स्वस्त आहे खरी. पण आसगावात पोचेस्तोवर केवढ्याला पडेल, हा हिशेब मांडला का?" मांडला नव्हता. तोच येथे मांडतो.

प्रथम, ही गाडी स्वस्त का? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली व राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालविण्यास मनाई केली. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांसह ही मनाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम ठेवली. २०२५ मध्ये अंमलबजावणीत काही सवलत मिळाली, पण मधल्या काळात तिकडच्या पुष्कळ मालकांनी गाड्या परराज्यात विकल्या. म्हणजे स्वस्त गाडी खराबच असते असे नाही. मात्र खासगी गाडीची नोंदणी पहिल्या खेपेस पंधरा वर्षांची असते, हे विसरू नये. बारा वर्षांची गाडी घेतली तर तीन वर्षांत तपासणी आणि नूतनीकरणाचा खर्च उभा राहतो.

पैसे देण्यापूर्वी

तोडणीची चिठ्ठी हाती नसता आपण फडाला कोयता लावत नाही. तसेच ना-हरकत दाखला हाती नसता गाडी जागची हलवू नये. हा दाखला विकणाऱ्याच्या आर.टी.ओ. कडून नमुना २८ वर मिळतो, आणि तो भंडारा कार्यालयाच्या नावे असावा लागतो. त्याशिवाय आपल्याकडे गाडी नावावर होत नाही. सोबत विकणाऱ्याच्या सहीचे नमुना २९ व ३० घ्यावेत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र व नमुना ३५ हवा. चालान थकलेले नाहीत ना, चेसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळतो ना, हे स्वतः पाहावे. "आधी थोडे पाठवा, गाडी धरून ठेवतो" म्हणणाऱ्यास, गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

दुसरे, महाराष्ट्राचा एकरकमी कर आपल्याला भरावा लागतो. तो किती पडेल हे भंडाऱ्याच्या कार्यालयात आधी विचारावे आणि मगच भाव ठरवावा. लाखभर स्वस्त म्हणून घेतलेल्या गाडीतला बराच फायदा येथेच संपू शकतो.

आणायची कशी?

दिल्ली ते नागपूर हा रस्ता ग्वाल्हेर, झाशी, सागर, सिवनीवरून अकराशे किलोमीटरच्या आसपास आहे. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तरी त्र्याहत्तर लिटर इंधन, वर टोल, मुक्काम आणि दोन ड्रायव्हर. अनोळखी गाडीचे टायर आणि ब्रेक किती शिल्लक आहेत, हे वाटेत कळून उपयोग नाही. चालवतच आणायची झाल्यास तिकडच्या मिस्त्रीला आधी दाखवावी.

विम्याकडे विशेष लक्ष द्यावे. गाडी विकली की तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो, पण आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. तो नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. शक्य तर निघण्यापूर्वीच करावा.

दुसरा मार्ग ट्रकवर चढवून आणण्याचा. माझ्या थोरल्या भावाने अशीच गाडी मागविली. उतरली तेव्हा पुढची काच तडकलेली आणि दार चेपलेले. वाहतूकवाला म्हणाला, "चढविली तेव्हाच अशी होती." भावाकडे एकही फोटो नव्हता, आणि पावतीवर गाडीची किंमतही लिहिलेली नव्हती. खर्च घरचाच झाला.

येथे २००७ चा रस्ते माल वाहतूक कायदा ठाऊक असावा. जादा जोखमीचा दर आधी ठरविला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. समजा भाडे १५ हजार, तर भरपाई फार तर दीड लाख, गाडी मग साडेतीन लाखांची का असेना. म्हणून खरी किंमत पावतीवर लिहून जादा दर ठरवावा. नुकसान झाल्यास बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

चढविण्यापूर्वी चारी बाजूंचे, काचांचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढावेत. गाडीत सामान ठेवू नये. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करवून घ्यावा. मोठा ट्रेलर आसगावच्या गल्लीत येणार नाही. ताबा बहुधा नागपूरलाच मिळेल. तो दिवसाउजेडी घ्यावा, नुकसान दिसल्यास पावतीवर लिहूनच सही करावी, आणि मग उमरेड-भिवापूर-पवनी मार्गे घरी यावे.

घरी आल्यावर

"परराज्याच्या नंबरावर बारा महिने चालते" असे पुष्कळ जण सांगतात. ती मुदत नवीन नंबर घेण्यासंबंधी आहे. मालकी बदलाची खबर तीस दिवसांतच द्यायची असते. दोन्हींचा घोळ करू नये.

आसगावच्या त्या भाऊंनी हा सगळा हिशेब वहीत मांडला. लाखाचा फायदा वीस-बावीस हजारांवर आला. त्यांनी भंडाऱ्यातच गाडी पाहायचे ठरविले. आपला हिशेब वेगळा येईल, तर खुशाल दिल्लीची आणावी. उसाचे बिल वर्षभराच्या घामाचे असते. ते खर्चण्याआधी एक पान हिशेबासाठी खर्च करावे, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी