कोळंबीच्या तळ्यातील औषधे आणि निर्ढावलेले जिवाणू

खाजणातील तळ्यात कोळंबीने खाद्य सोडले, ती बांधाच्या कडेला येऊन निपचित पडू लागली आणि तिच्या कवचावर पांढरे ठिपके दिसू लागले, म्हणजे संवर्धकाचा धीर सुटतो. आठवड्याभरात तळेच्या तळे मरते. अशा वेळी कोणी सुचवील ते औषध खाद्यात कालवून टाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ठिपक्यांचा हा रोग विषाणूंपासून होतो. ज्यांना प्रतिजैविके म्हणतात ती औषधे जिवाणूंना मारतात. विषाणूंवर त्यांचा काडीमात्र परिणाम होत नाही. शिवाय रोगट कोळंबी खातच नाही. तेव्हा औषध जाते निरोगी कोळंबीच्या पोटात, आणि उरलेले तळाच्या गाळात.

गाळात पुढे काय घडते, हे नीट समजून घेतले पाहिजे. तेथे असंख्य जिवाणूंची वस्ती असते. औषधाने त्यांतील दुबळे मरतात. ज्यांच्या अंगी औषधाला दाद न देण्याचा गुण असतो, ते उरतात व फोफावतात. इतकेच नव्हे, तर हा गुण ते शेजारच्या निराळ्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात. तळ्याचे पाणी खाडीत सोडले की हे निर्ढावलेले जिवाणूही खाडीत जातात. कोळंबी नीट शिजविल्यास ते मरतात हे खरे. पण सोलताना हाताला काटा लागतो, कच्च्या कोळंबीचे पाणी विळीवरून कोशिंबिरीला लागते. त्यातून माणसास आजार जडला, तर डॉक्टरांचे नेहमीचे औषध लागू न पडण्याचा धोका असतो.

क्लोरॅमफेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांस कोळंबी संवर्धनात भारतात मनाई आहे. त्यांचा अंश सापडल्यास परदेशात माल नाकारला जातो. २०१६ साली युरोपीय संघाने भारतीय संवर्धित कोळंबीच्या तपासणीचे प्रमाण शेकडा १० वरून ५० वर नेले. काहींच्या घाईचा भुर्दंड असा सर्वांना पडतो.

औषधांवाचून मत्स्यसंवर्धन चालत नाही, ही समजूत नॉर्वेने खोटी ठरविली आहे. तेथे १९८७ साली सामन माशांसाठी सुमारे ५० टन प्रतिजैविके खर्ची पडली. पुढे पिले समुद्रात सोडण्यापूर्वी त्यांच्या पोटात लस टोचण्याची पद्धत रूढ झाली. आज उत्पादन वर्षाला दहा लाख टनांवर गेले असून औषध एक टनही लागत नाही.

कोळंबीला मात्र अशी लस लाभत नाही; माशाप्रमाणे रोगाची ओळख जपणारी प्रतिकारशक्ती तिच्या शरीरात नाही. म्हणून आपल्याकडे सारी भिस्त पूर्वतयारीवर. हंगामानंतर तळे तडे जाईपर्यंत वाळवावे, काळा गाळ उपसावा, माती आंबट असल्यास चुना द्यावा. बीज विषाणूसाठी प्रयोगशाळेत तपासलेलेच घ्यावे. पाणी बारीक जाळीतून आत घ्यावे व खेकड्यांना बांधावरच अडवावे, कारण तेही विषाणू वाहतात. रोग आलाच तर दरवाजा उघडू नये. पाणी तळ्यातच अडवून निर्जंतुक करावे, शेजाऱ्यांस कळवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी बातमी मत्स्यव्यवसाय कार्यालयास त्याच दिवशी पोचवावी आणि बिनचिठ्ठीची औषधाची बाटली कोठे दिसल्यास तिचीही वर्दी द्यावी.