न फाटणारं लाकूड

सरळ धाग्याच्या लाकडात पाचर ठोकली की ते उभं फाटतं. एल्मच्या ओंडक्यात तीच पाचर रुतून बसते. या झाडाच्या खोडातले तंतू सरळ वर चढत नाहीत; एका थरात ते एका बाजूला कलतात, पुढच्या थरात दुसऱ्या. एकमेकांत असे अडकल्यामुळे त्यांना चिरत जायला वाटच मिळत नाही. सरपणासाठी एल्म फोडणारा मेटाकुटीला येतो आणि रंधा मारताना धागे उपटून येतात. पण इंग्लंडमधले कारागीर शतकानुशतकं या झाडाकडे वळले, ते याच अडेलपणासाठी.

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. तुंब्याला चहूबाजूंनी आऱ्यांच्या खाचा, मधून आसासाठी आरपार भोक, आणि प्रत्येक आरा घाव घालून घट्ट बसवलेला. इतका पोखरलेला ठोकळा उकलून चालत नाही. आपल्याकडे या कामाला बाभूळ आली. इंग्लंडमध्ये तुंबा एल्मचा, आरे ओकचे आणि पुठ्ठे ॲशचे, अशी वाटणी ठरून गेली होती. विंडसर खुर्चीतही तेच. तिचे पाय आणि पाठीच्या काड्या बैठकीच्या एकाच जाड फळीत ठोकलेल्या असतात. ही फळी एल्मची; वाकसाने खोलगट कोरली तरी ती चिरत नाही.

पाण्यातलं एल्मचं वागणं मला सर्वांत विलक्षण वाटतं. उन्हापावसात उघडं पडलं तर हे लाकूड लवकर कुजतं. कायम पाण्याखाली किंवा ओल्या चिखलात राहिलं तर मात्र पिढ्यानपिढ्या टिकतं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला लागणारी हवा तिथे पोचत नाही. १२०९ मध्ये पूर्ण झालेल्या जुन्या लंडन ब्रिजखाली एल्मचे खांब ठोकलेले होते. इंग्लिश जहाजांचा तळकणाही बहुधा याच लाकडाचा. १६१३ मध्ये न्यू रिव्हर या कालव्याने लंडनला पाणी आणलं. ते शहरभर खेळवलं एल्मचे ओंडके आरपार पोखरून केलेल्या नळांनी. एका ओंडक्याचं टोक निमुळतं करून पुढच्याच्या तोंडात ठोकायचं. सांधे गळत, नळ बदलावे लागत, तरी एकोणिसाव्या शतकात बिडाचे नळ येईपर्यंत शहराची तहान यांनीच भागवली. शवपेट्यांनाही एल्मच्याच फळ्या लागत.

फळी तासली की तांबूस तपकिरी गाभा दिसतो आणि वार्षिक कड्यांमध्ये बारीक नागमोडी रेघा उमटतात. खोडावरच्या गाठींच्या लाकडात तर ही नक्षी आणखी दाट होते. वाळताना मात्र एल्म वेडावाकडा होतो. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वर भरपूर वजन ठेवून, धीराने वाळवावं लागतं. घाई करणाऱ्याच्या हाती पिळवटलेली फळी येते.

आज इंग्लंडमध्ये मोठ्या एल्मचं लाकूड दुर्मीळ आहे. खोडाच्या सालीतले भुंगेरे एक बुरशी पसरवतात. ती रोखताना झाड स्वतःच्याच पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करतं आणि वाळतं. १९२१ मध्ये हॉलंडमध्ये बुरशी ओळखली गेली, म्हणून हा ‘डच एल्म’ रोग. १९६०च्या दशकात तिचा अधिक घातक प्रकार ब्रिटनमध्ये शिरला, तोही उत्तर अमेरिकेतून आलेल्या एल्मच्याच ओंडक्यांतून. अडीच कोटींहून अधिक झाडं गेली. मुळं जिवंत राहिली, कुंपणांतून फुटवे येतात. पण खोड जरा जाड झालं की भुंगेरे पुन्हा येतात. समुद्र आणि टेकड्यांच्या आडोशाला असलेल्या ब्रायटनने रोगट झाडं वेळीच तोडत राहून हजारो जुने एल्म वाचवले, ही मोठी कामगिरी आहे.

आपल्या रस्त्यांच्या कडेची वावळ याच कुळातली. उन्हाळ्यात तिच्या चपट्या, पंखधारी फळांचा सडा पडतो. तिचं फिकट लाकूड खोक्यांसारख्या साध्या कामांना वापरतात. खरा एल्म भेटतो हिमालयात. डच संशोधकांनी रोगाला तोंड देणाऱ्या जाती तयार करताना हिमालयी एल्मशी संकर केला. ‘लोबेल’, ‘डोडोएन्स’ या जातींमध्ये त्याचं रक्त आहे. युरोपच्या कामी आलेलं हे झाड काश्मीरच्या डोंगरांत मात्र जनावरांच्या चाऱ्यासाठी वर्षानुवर्षं ओरबाडलं जातं, आणि जगातल्या संकटग्रस्त झाडांच्या यादीत त्याची नोंद झाली आहे. त्याची रोपं लावून वाढवणं हे आता आपल्या वनखात्यांनी अग्रक्रमाने करायचं काम आहे.