निळी ज्योत आणि जंताची अंडी

कुडाळ तालुक्यातल्या एका घराच्या मागीलदारी दोन घनमीटरचा दीनबंधू गोबरगॅस आहे. डोम जमिनीखाली असल्याने दिसतात ती फक्त दोन तोंडं. शौचालयाचा पाइप थेट आत सोडलेला. सकाळी घरातल्या काकी शेण आणि पाणी निम्मेनिम्मे घेऊन इनलेटच्या टाकीत हाताने कालवतात, काड्या आणि गवत वेचून बाजूला टाकतात आणि बूच उपसतात. काला घळघळत आत जातो. थोड्या वेळाने पलीकडच्या तोंडातून साधारण तेवढीच काळपट, पातळ स्लरी बाहेर सरकते.

"वास येता काय बघा!" काकी म्हणतात.

खरंच येत नाही. दुर्गंधी देणारी आम्लं आतल्या जिवाणूंनी पचवून त्यांचा मिथेन केलेला असतो. चुलीवर ज्योतही स्वच्छ निळी. नुसत्या शौचालयावर मात्र हे घर चाललं नसतं. माणशी दिवसाला जेमतेम एक घनफूट गॅस मिळतो, म्हणजे पाच माणसांचा चहापाणी निघेल इतकाच. दोन घनमीटरला रोज पन्नास किलो शेण लागतं, ते गोठ्यातून येतं.

मैल्यापासून गॅस करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात 1897 सालीच असा प्लांट होता. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास सुधारायला घेतला तो कुणाच्या डोक्यावर मैल्याची पाटी राहू नये म्हणून. देहूच्या सरकारी दवाखान्यातले डॉ. सुहास मापुसकर याकडे वळले ते डॉक्टर म्हणून. दवाखान्यात येणारे आजार उघड्यावरच्या शौचातून येत होते. शौचालयाला जोडलेला त्यांचा 'मलप्रभा' बायोगॅस त्यातूनच आला. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

डॉक्टरांचा प्रश्न आजही तोच आहे: आत गेलेले रोगजंतू मरतात का?

बरेचसे मरतात. टायफॉइड, हगवण यांचे जिवाणू ऑक्सिजनविना, उपासमारीत आणि बाकीच्या जिवाणूंच्या गर्दीत दिवसागणिक कमी होत जातात. चिवट असतात ती गोल जंताची अंडी. जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. अंड्याचं कवच जाड. पन्नास-पंचावन्न अंश तापमानात ती लवकर मरतात, पण कोकणातला जमिनीखालचा डोम तितका तापत नाही. पस्तिशीच्या आत ती महिनोन् महिने तग धरतात. जड असल्यामुळे बरीचशी तळाच्या गाळात बसतात, म्हणजे डोममधून गाळ उपसायची वेळ येईल तेव्हा तो कच्च्या मैल्याइतकाच जपून हाताळायला हवा.

आणखी एक गोष्ट गवंडी सांगत नाहीत. प्लांटचं आकारमान ठरवताना माल आत 30, 40 किंवा 55 दिवस राहील असं हवामानाप्रमाणे धरलेलं असतं. हा हिशोब गॅससाठी केलेला आहे, जंतांसाठी नव्हे. शिवाय ती सरासरी आहे. आज सोडलेल्यातलं थोडं चार दिवसांतही पलीकडे निघू शकतं. त्यात पाणी जास्त ओतलं की मुक्काम आणखी घटतो. म्हणूनच काकींच्या शौचालयात तीव्र उताराचं ग्रामीण भांडं आहे, त्याला दोन लिटर पाणी पुरतं. शहरी फ्लश बसवला असता तर दर वेळी कितीतरी जास्त पाणी आत गेलं असतं. फिनेल आणि ॲसिडची बाटली या घरात नाही, हेही चांगलं. त्यांनी डोममधले कामाचे जिवाणूच आधी गेले असते.

माझा आक्षेप आहे तो आउटलेटनंतरच्या कारभाराला. स्लरी पाटाने माडाच्या मुळाशी जाते, ते ठीक. पण एक फाटा लाल माठाच्या वाफ्यातही वळवलेला आहे आणि शेजारी कोथिंबीर आहे. जी कच्ची खाल्ली जाते. दर वर्षी 10 फेब्रुवारीला शाळेत मुलांना जंताची गोळी द्यायची आणि घरी त्याच जंतांची सोय वाफ्यात करायची, असा हा उफराटा प्रकार. प्लांट वाईट आहे असं अजिबात नाही. वास गेला, ज्योत निळी आली, की काम संपलं असं आपण मानतो आणि शेवटची पायरी गाळतो.

ती पायरी खर्चिक नाही. आउटलेटजवळ दोन खड्डे घ्यायचे. एकात पालापाचोळ्यावर स्लरी सोडत राहायचं, तो भरला की झाकायचा आणि दुसरा सुरू करायचा. वीस ते पस्तीस अंशांच्या हवामानात मैल्याचं खत वर्षाहून जास्त काळ तसंच ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006च्या मार्गदर्शिकेत आहे. ढीग नीट रचून तो आतून पंचावन्न अंशांवर काही दिवस तापला, तर काम लवकर होतं. पण ताप सगळीकडे सारखा पोचायला ढीग उलटावा लागतो, आणि तेवढी मेहनत घरी कोण करणार? त्यापेक्षा वर्षभर थांबणं सोपं.

शौचालय जोडलेला गोबरगॅस बांधून घेणार असाल, तर गवंड्याशी डोमचा दर ठरवतानाच हे दोन खड्डे अंदाजपत्रकात लिहून घ्या. आणि आधीच बांधलेला असेल, तर पालेभाजीकडे जाणारा पाट आजच बुजवा.