पाचट-पऱ्हाटीला काडी लावू नका; धुरात काय जातं ते आधी बघा



पैठण-गंगापूर पट्ट्यात ऊसतोड सुरू आहे, कपाशीही मोकळी होत आली. आता घाई असते ती रान साफ करायची. काडी लावण्याआधी हा मेसेज पूर्ण वाचा.

*🔥 पेटवल्यावर काय होतं?*
एक टन पाचटात साधारण ४ ते ५ किलो नत्र असतं. एकरी ३ टन पाचट धरलं तर १२ ते १५ किलो, म्हणजे युरियाच्या अर्ध्या गोणीहून जास्त. पेटवलं की यातलं बहुतेक नत्र धुरात जातं. सोबत मिथेन आणि नायट्रस ऑक्साईड निघतात. किलोला किलो धरलं तर नायट्रस ऑक्साईड हा कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७० पट तापमान वाढवतो.

*🌾 पसरून ठेवल्यावर?*
कुजतानाही कार्बन डायऑक्साईड निघतोच, पण सावकाश. काही भाग सेंद्रिय कर्ब होऊन मातीत राहतो. ओल टिकते, तण दबतं, पाण्याची एखादी पाळी वाचते.

*🚜 नांगरट कमी का?*
माती उलथली की आतल्या कर्बाला हवा लागते, जिवाणू तो भराभर खातात आणि त्याचा वायू होतो. शिवाय १ लिटर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं एसआरटी तंत्र याच विचाराचं आहे: गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा नांगरायचं नाही, पिकाची मुळं जागेवरच कुजू द्यायची. सुरुवात भातापासून झाली. पोकरा प्रकल्पातून ते मराठवाड्यात कपाशी-मक्यापर्यंत आलं.

*⚠️ इथं चूक होते*
आच्छादनावर युरियाचा पूर्ण डोस फेकला तर बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडतं. भारी काळ्या रानात पाणी साचलं तर त्याच नत्राचा नायट्रस ऑक्साईड होतो. म्हणजे खतही गेलं आणि हवेचंही नुकसान.

*✅ काय करायचं?*
१) खोडव्यात पाचट सरीत पसरा. एक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाकून लगेच पाणी द्या.
२) खोडव्याचा मुख्य डोस पहारीनं बुडख्याजवळ मातीत किंवा ठिबकमधून द्या.
३) पऱ्हाटी उभी ठेवू नका, फरदड घेऊ नका. किडकी बोंडं वेचून नष्ट करा, मग श्रेडरनं कुट्टी करा. नाहीतर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात पुन्हा हजर!
४) भारी रानात पाणी निघून जायला चर ठेवा.
५) जनावरांपुरता चारा आधी बाजूला काढा, उरलेलं रानाला द्या.

सगळं रान एकदम नको. यंदा अर्धा एकर करून बघा, शेजारच्या तुकड्याशी ओल ताडून बघा. अडचण आली तर याच नंबरवर फोटो पाठवा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी, छत्रपती संभाजीनगर