कॅमेऱ्याआधी उजेडाचा विचार

गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर किंवा दुकानासमोर नेटवर्क कॅमेरा, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यावरून चित्रण पाठवणारा कॅमेरा, बसवायचे ठरले की चर्चा बहुधा मेगापिक्सेलच्या आकड्याभोवती फिरते. परंतु रात्रीच्या चित्रणात माणूस ओळखू येईल की नाही, हे त्या आकड्यापेक्षा त्याच्या चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडावर अधिक अवलंबून असते. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश ‘लक्स’ या एककात मोजतात. भर उन्हात तो सुमारे १,००,००० लक्स असतो, दिवे असलेल्या रस्त्यावर रात्री साधारणपणे १० ते २० लक्सवर येतो आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही.

उजेड कमी पडला की कॅमेऱ्यापुढे मुख्यतः दोन मार्ग उरतात आणि दोन्हींची किंमत मोजावी लागते. पहिला मार्ग शटर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा कालावधी, लांबवण्याचा. मात्र १/२५ सेकंदाच्या शटरमध्ये ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी ४० सेंटिमीटर पुढे सरकते आणि स्वाराचा चेहरा पुसट होतो. दुसरा मार्ग ‘गेन’ वाढवण्याचा, म्हणजे क्षीण विद्युतसंकेत कृत्रिमरीत्या मोठा करण्याचा. त्यामुळे चित्रात ‘नॉइज’, म्हणजे बारीक ठिपक्यांची वळवळ, उमटते आणि हे ठिपके प्रत्येक चौकटीत बदलत असल्याने चित्रण नीट आकुंचित होत नाही व हार्ड डिस्कही लवकर भरते.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे कॅमेऱ्यातच बसवलेले अवरक्त एलईडी दिवे. डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा हा प्रकाश सेन्सर टिपतो. त्यासाठी दिवसा अवरक्त किरण अडवणारी गाळणी रात्री बाजूला सरकते आणि चित्र कृष्णधवल होते. ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधुक लाल दिसतात. ९४० नॅनोमीटरचे जवळपास दिसत नाहीत, मात्र त्या तरंगलांबीला सेन्सर कमी संवेदनशील असल्याने त्यांचा पल्ला तोकडा पडतो. शिवाय अवरक्त प्रकाशात काही काळे कपडे फिकट दिसतात, त्यामुळे कपड्यांच्या रंगावरून माणूस ओळखायचा असेल तर पांढरा दिवाच हवा.

दिवा किती शक्तीचा, याइतकेच तो कोठे आहे यालाही महत्त्व असते. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणूनच कॅमेऱ्यातील दिव्यापासून दोन मीटरवरचा चेहरा पांढराफटक पडतो आणि दहा मीटरवरचा माणूस अंधारात राहतो. दिवा भिंगाला खेटून असला की त्याच्या झोतात आलेले किडे, कोळ्याचे जाळे आणि पावसाचे थेंब चमकून चित्र झाकोळतात, आणि कोकणातील पावसाळ्यात हा त्रास फार जाणवतो. त्यामुळे दिवा कॅमेऱ्यापासून एक-दोन मीटर बाजूला, फाटकाच्या जवळ लावणे हिताचे ठरते. तो थेट डोक्यावर असल्यास डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, आणि येणाऱ्याच्या पाठीमागे असल्यास चेहऱ्याची केवळ काळी आकृती उरते. अतिउजळ व अतिगडद भाग एकाच चित्रात सांभाळणारी ‘डब्ल्यूडीआर’ ही सोय येथे मदत करते, पण चेहऱ्यावर न पडलेला उजेड ती निर्माण करू शकत नाही.

वाहनाच्या क्रमांकपट्टीची गरज याहून वेगळी असते, कारण परावर्तक पट्टी दिव्याचा झोत थेट परत फेकते आणि अंक पांढऱ्या चकाकीत बुडतात. ते वाचण्यासाठी शटर १/५०० सेकंदाच्या आसपास आणावे लागते, आणि तेवढ्या अल्प कालावधीत आसपासचा परिसर काळाठिक्कर पडतो; म्हणून क्रमांकपट्टी आणि चेहरा ही कामे एकाच कॅमेऱ्यावर सोपवू नयेत.

रात्री मोबाइलवर दिसणारे स्थिर, स्वच्छ दृश्य पाहून कोणत्याही संस्थेने समाधान मानू नये, कारण लांबवलेल्या शटरचा दोष हालचाल झाल्याशिवाय उघड होत नाही. एखाद्या रहिवाशाला फाटकातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगावे, ते चित्रण थांबवून चेहरा ओळखू येतो का ते पाहावे, आणि येत नसेल तर अधिक मेगापिक्सेलचा कॅमेरा घेण्यापूर्वी योग्य जागी एक दिवा लावावा.