वाकणारा आरसा, वजन ग्रॅममध्ये

आरशाच्या धंद्यातील आमच्या वाचकांना हे सांगायला नको की आरसा मोठा करायचा तर काच जाड घ्यावी लागते. पातळ काच आपल्याच भाराने वाकते आणि गिऱ्हाईकाचा चेहरा वेडावाकडा दिसतो. अंतराळातील दुर्बिणींचे दुखणेही वजनाचेच आहे. तिथला माल रॉकेटने पोचवायचा असतो.

1990 साली गेलेल्या हबल दुर्बिणीचा 2.4 मीटर व्यासाचा काचेचा आरसा सुमारे 828 किलोचा, म्हणजे चौरस मीटरला 180 किलोच्या वर. 2021 च्या डिसेंबरात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीला बेरिलियम धातूचे 18 तुकडे जोडून हाच हिशेब 28 किलोच्या आसपास आणला गेला. याहून खाली जायचे तर प्लास्टिककडे वळावे लागते. पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकची 50 मायक्रॉन जाडीची फिल्म चौरस मीटरला 90 ग्रॅम भरते. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. जरीवाल्यांना ही कला परकी नाही, पॉलिएस्टर फिल्मची जरी तशीच बनते.

अडचण नेमकेपणाची आहे. हबलचा आरसा कडेला सुमारे 2.2 मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका, जास्त सपाट घासला गेला होता. एवढ्यावरून चित्रे धूसर आली आणि 1993 मध्ये अंतराळवीरांना वर जाऊन इलाज करावा लागला. जिथे जाड काचेची ही गत, तिथे फिल्मचा काय भरवसा? तबल्याच्या पुडीसारखी ताणली तर ती सपाट राहते. हवेच्या दाबाने फुगवली तर गोलाई येते, पण हवी तशी येत नाही, कडेला चुकते.

इथे पीव्हीडीएफचा गुण कामी येतो. 1969 मध्ये जपानच्या कावाई यांनी दाखवले की योग्य तऱ्हेने ताणून विद्युतभारित केलेली ही फिल्म दाबली की वीज देते. उलट, वीज दिली की ती किंचित लांबते किंवा आखडते. अशा दोन फिल्म उलटसुलट चिकटवल्या की एक लांबते, दुसरी आखडते आणि जोडी वाकते. इस्त्रीतील दोन धातूंची पट्टी उष्णतेने वाकते, तसेच हे समजा. जागोजागी वेगवेगळी वीज दिली की जिथे चूक तिथेच दुरुस्ती होते. मात्र प्रत्येक जागेला तार जोडायची तर तारांचेच जंगल होईल. म्हणून अमेरिकेत सँडिया प्रयोगशाळेतील संशोधकांनी जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये असते तशा इलेक्ट्रॉन गनने, तारेविना भार देण्याचे प्रयोग केले.

अजून अशा आरशाची मोठी दुर्बीण वर गेलेली नाही. कडक थंडीत फिल्मचा प्रतिसाद मंदावतो, जास्त उष्णतेत गुणच जातो, आणि अतिनील किरणे प्लास्टिकला खातात. विजेवर हलणाऱ्या प्लास्टिकची ताकदही बेताचीच. 2005 मध्ये सॅन डिएगोत अशा प्लास्टिकच्या तीन यांत्रिक हातांशी एका शाळकरी मुलीने पंजा लढवला, आणि तिन्ही हरले! पण आरशाला मायक्रॉनभर हलवायला पैलवान लागत नाही.